नऊ नंबर, खारपानपट्टा

टीव्हीवरचा कोटवाला मानूस म्हने,
हिचा पाय जमिनीले टेकतच नाई,
हे कसब कोन्या मोठ्या अकादमीतलं असन.
म्या चोहोट्ट्याच्या दुकानात चाकाचे आरे कसत होतो.
हासू आलं.

चैतात आमची जमीन फाटते, बाप्पा.
कायी माती, खाली खारं पानी,
भेग अशी का कोंबडीचं पिल्लू गेलं त वापस येत नाई.
अकोट लायनीच्या बाजूचं पडीत वावर,
तथीच खेये पोट्टी, अनवानी.
पाय टेकवला का घोटा गेला.
म्हनून टेकवे नाई.
एवढंच आहे ते कसब.

नाव थोकोझानी, बापानं ठेवलेलं.
त्याच्या मुलुखात म्हनतात, आनंद करा.
शायेतल्या पोट्ट्यायनं दुसऱ्याच दिवशी सुधारलं.
बॉल पायात आला का अख्खा वर्ग वरडे,
ठोक! ठोको! ठोक!
अर्धा गोल त नावानंच शिकवला.

बाप, फिरी, मलावीहून आलता
अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कापूस शिकाले.
आमची पंचफुला तथी प्लॉटवर रोजानं बोंडं मोजे.
कोनी कोनाची किती बोंडं मोजली, मले मालूम नाई.
लग्न झालं तसं आमच्या बुढ्यानं जेवन सोडलं.
चवथ्या दिवशी जावयानं ज्वारीच्या कन्या मांगल्या,
हातानं गोया करून खाल्ल्या,
म्हने, आमच्या घरीबी असंच, फक्त मक्याचं.
बुढा उठला, ताटावर आला,
काई बोलला नाई. मीठ सरकवलं.

जिल्हा. मंग राज्य. मंग दिल्लीचा कॅम्प.
तथी कोन्या साहेबानं इचारलं, तू कोनाकडून?
हिनं सांगतलं, मामाकडून.
सगये हासले.
यादी लागली, नाव नवतं.
कारन लिहाची पद्धत नवती.

दोन वर्सानं बापाच्या देशाची चिठ्ठी आली.
अट एकच, निया पासपोर्ट जमा कर.
पंचफुला रातभर चुलीपाशी.
म्या म्हनलं, जाऊ दे तिले,
चाक बदललं त सायकल दुसऱ्याची होते का?
म्हनलं खरं.
झोप मलेबी नाई आली.

एकेचायीस गोल.
म्या पुरे पाह्यले चार.
रात्री दोनले, गच्चीवर, मोबाइलची एकच डांडी,
आयन वक्ताले ती चकरी गोल गोल फिरे,
चकरी सुटे तवा पोट्टी कोपऱ्यात पालथी,
अंगावर सात-आठजनी,
म्या समजून जाओ.

हरल्यावर तथच्या पेपरात लिवलं, भारतवाली.
जिंकल्यावर अथच्या पेपरात लिवलं, अकोल्याची लेक.
दोन्ही कातरनं दुकानात लावलीत,
मधात हवेच्या दाबाचा तक्ता.

तिसावं लागलं अन् गुडघा गेला.
मऊ गवतावर,
दोन टाइम पानी मारलेल्या हिरव्या गवतावर.
भेगायनं कधी मोडला नवता.

मामाच्या गावाले याले आता तिले व्हिसा लागते.
फारमात रकाना होता, येन्याचं कारन.
तिनं लिवलं, हवा भरने.
साहेबानं खोडून लिवलं, कौटुंबिक.

काल दुकानात बसली होती, पाय लांब करून.
कोनाची तरी पोर फुसका बॉल घेऊन आली,
बोलेना, निस्ती पाहे.
हिनं टाके उसवले, ब्लॅडर काढलं,
घमेल्यात बुडवलं, कान वाकवला.
बुडबुडे दोन जागून निघत होते.
म्या सोलुशनची ट्यूब सरकवली.
म्हने, थांब ना मामा,
अजून एक असन.